ग्रॅनोला बार आणि पालथं ताट

संक्रांत जवळ आली की आमच्या घरी ओट्यावर एक पितळी ताट पालथं घातलं जातं. त्याच्या पाठीवर तुपाचा हात फिरतो, कढईतलं गूळ-तीळ-दाण्याचं मिश्रण त्यावर पडतं आणि आई लाटण्याने ते भराभर पसरते. निवायच्या आत सुरीने रेघा मारायच्या, नाहीतर वड्यांऐवजी ठिकऱ्या होतात. दोन वर्षांपूर्वी याच ताटावर माझ्या मुलीने ओट्स, बदाम, जवस आणि भोपळ्याच्या बियांचे ग्रॅनोला बार थापले. मध घातलेलं तिचं मिश्रण सुटं सुटं होत होतं. आईने कडेला गुळाचा पाक करायला ठेवला आणि म्हणाली, "बाळा, हे धरून ठेवायला काहीतरी हवं ना."

या पदार्थाचा सगळा इतिहास त्या धरून ठेवण्यात आहे. कारण ग्रॅनोला शंभराहून अधिक वर्षं सुटाच होता.

त्याची सुरुवात झाली आरोग्यधामात. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे डॉ. जेम्स केलेब जॅक्सन जलोपचार आणि साधा आहार यांवर रुग्ण बरे करू पाहत होते. १८६३ मध्ये त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे पातळ थर भट्टीत भाजले, फोडले, पुन्हा भाजले आणि आणखी बारीक फोडले. नाव ठेवलं ग्रॅन्युला. ते इतकं टणक होतं की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ करून तेच नाव वापरलं. जॅक्सन यांच्या बाजूने हरकत आल्यावर त्यांनी एक अक्षर बदललं आणि ग्रॅनोला हा शब्द जन्मला. मध, सुकामेवा, खोबरं घातलेला आजचा ग्रॅनोला मात्र १९६० च्या दशकातला. कारखान्याच्या अन्नाला कंटाळलेल्या तरुण पिढीने तो उचलला, आणि १९६९ च्या अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात भुकेल्या गर्दीला तो पेल्यांतून वाटला गेला. जनरल मिल्स या अमेरिकी कंपनीच्या नेचर व्हॅली ब्रँडने त्याचा बार बाजारात आणला तो १९७५ मध्ये. जॅक्सन यांच्या ग्रॅन्युलापासून मोजली तर मध्ये ११२ वर्षं गेली.

ज्या वर्षी डॅन्सव्हिलला तो टणक चुरा भाजला गेला, त्याच १८६३ साली बोरघाटाचा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि पुणे थेट मुंबईला जोडलं गेलं. घाट चढून आलेली गाडी लोणावळ्याला थांबायची आणि फलाटावर गूळ-दाण्याच्या वड्या विकल्या जायच्या. लोणावळ्यात आधी तिला गुडदाणी म्हणत, पुढे चिक्की हे नाव रुजलं. प्रवासात न सांडणारं, न नासणारं, हातात धरून खाता येणारं आणि पोटाला आधार देणारं खाणं. ग्रॅनोला बारची जाहिरात आजही याहून वेगळं काही सांगत नाही.

चिक्कीतला शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेचा, आणि उपासाला आपण खातो तो राजगिराही अमेरिका खंडातूनच आलेला. मेक्सिकोत अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड पाक मळून देवांच्या मूर्ती घडवत. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी त्या पूजांवर बंदी घातली, तरी दाणा टिकला. फुलवलेल्या राजगिऱ्याची गोड वडी तिथे आजही मिळते आणि तिला 'आलेग्रिया', म्हणजे आनंद, म्हणतात. आपल्या राजगिऱ्याच्या वडीशेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही. मला ही जुळणी फार मोलाची वाटते. दोन टोकांच्या स्वयंपाकघरांनी एकमेकींना न विचारता एकच उत्तर काढलं.

फरक होता तो भाजण्यात. ग्रॅनोला भट्टीत भाजला जातो आणि पुण्यातल्या घरांत भट्टी नव्हतीच. दिवाळीत नानकटाईचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचे, रांग लावायची आणि भाजून आणायचे, हे अनेकांना आठवत असेल. घरात होती कढई आणि मंद आच. भाजणीचं धान्य, मेतकुटाच्या डाळी, डिंकाच्या लाडवाचं खोबरं, गौरी-गणपतीच्या खिरापतीतली खसखस, सगळं हलवत राहून, वासावर लक्ष ठेवून भाजलेलं. ओट्सही असेच कोरडे भाजले तर बार खुसखुशीत होतो. कच्चे घातले तर पाकातला ओलावा पिऊन चिवट होतात.

आणि पाक. चिक्कीचा पाक साधारण दीडशे अंश सेल्सियसपर्यंत जातो. त्यातलं पाणी जवळजवळ सगळं उडतं, म्हणून वडी कडक आणि ठिसूळ होते. मऊ बारला ११५ अंशांच्या आसपासचा गोळीबंद पाक पुरतो. मधातली फळसाखर आणि द्राक्षसाखर त्याचे खडे बनू देत नाहीत, पण हवेतला ओलावाही ओढून घेतात. म्हणूनच जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, मधाचे बार दुसऱ्या दिवशी डब्याला चिकटतात. चिक्कीही त्या दिवसांत घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालूनच ठेवावी लागते.

आता सामान शोधायला फिरावं लागत नाही. दौंडकडच्या गुऱ्हाळांचा गूळ आहे, वाण्याकडे चिक्कीचा गूळ म्हणून वेगळी, जास्त चिकट ढेप मागता येते, रविवार पेठेत सुकामेवा आहे आणि ओट्स तर कोपऱ्यावरच्या दुकानातही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून ज्वारी-नाचणीचे पोहे घातलेले बारही घरोघरी दिसू लागले.

आमच्या घरी पाकाचा निर्णय अजून थर्मामीटरवर होत नाही. वाटीत गार पाणी घ्यायचं, पाकाचा एक थेंब सोडायचा. बोटांत घेऊन मऊ गोळी झाली तर बारचा पाक तयार. चिक्कीसाठी आणखी थोडं थांबायचं आणि तो थेंब वाटीच्या कडेवर टाकून ऐकायचा. मुलगी आता कान वाटीशी नेते. टण्ण वाजलं की म्हणते, "आजी, झाला."