मोजलेलं किती, मानलेलं किती: व्यायामयंत्रांतल्या इलेक्ट्रॉनिक्सची पार्श्वभूमी

ट्रेडमिलच्या पडद्यावर वेग, चढ, अंतर, नाडी आणि उष्मांक असे पाच आकडे शेजारीशेजारी, एकाच ठसठशीत टाइपात दिसतात. त्यांची जातकुळी मात्र वेगवेगळी आहे. पट्ट्याचा वेग आणि चढ यंत्र खरोखर मोजतं. अंतर वेगावरून काढतं. नाडी कितपत खरी, हे ती कुठून घेतली त्यावर ठरतं. उष्मांक तर सरळ सूत्रातून येतात. हा फरक पडद्यावर कुठेच दिसत नाही, आणि तो समजून घेणं व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचं आहे असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी ही यंत्रं आली कुठून ते पाहावं लागतं.

ती आली प्रयोगशाळेतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरक्रियाशास्त्रज्ञांना एक प्रश्न सोडवायचा होता: ठरावीक काम करताना माणूस किती ऑक्सिजन वापरतो? श्वासातला वायू मोजण्याची साधनं त्यांच्याकडे होती. अडचण होती ती काम नेमकं ठरवून देण्याची. चाकावर पट्टा आवळून ब्रेक लावला की तो घासून तापतो, आणि तापला की घर्षण बदलतं. म्हणजे पाचव्या मिनिटाला पेडल मारायला लागणारा जोर आणि विसाव्या मिनिटाचा जोर सारखा राहीलच याची खात्री नाही.

यावरचा उपाय विजेतून निघाला. धातूची चकती चुंबकाच्या ध्रुवांमधून फिरली की तिच्यात भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात आणि ते चकतीच्या फिरण्यालाच विरोध करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लिआँ फुको यांनी १८५५ साली हे दाखवलं होतं. अमेरिकेत फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि वॉल्टर केडी यांनी विजेच्या ब्रेकची सायकल तयार केली आणि १९१२ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग यांनी विद्युतचुंबकीय ब्रेकचा आपला सायकल-अर्गोमीटर, म्हणजे केलेलं काम मोजणारी सायकल, मांडला. क्रोग यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळालं, तेही स्नायूंमधल्या केशवाहिन्यांवरच्या संशोधनासाठी. या ब्रेकमध्ये काहीही कशाला घासत नाही, झिजत नाही, आणि विद्युतचुंबकाच्या वेटोळ्यातला प्रवाह कमीजास्त केला की रोध कमीजास्त होतो. आज जिममधल्या सायकलीवर बटण दाबताच आवाज न होता पेडल जड होतं, तेव्हा बहुतेक वेळा याच तत्त्वाने होतं. काही सायकलींत वेटोळ्याऐवजी कायमचुंबक असतात आणि छोटी मोटर त्यांना चाकाच्या जवळ किंवा दूर नेते.

केडी यांच्याबद्दल जाता जाता सांगायला हवं. क्वार्ट्झच्या स्फटिकाने विजेची कंपनं स्थिर ठेवता येतात, हे याच केडींनी पुढे १९२० च्या दशकात दाखवलं. आजच्या अनेक व्यायामयंत्रांतल्या मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या चिपचं, घड्याळ अशाच स्फटिकावर चालतं.

प्रयोगशाळेनंतरचा टप्पा रुग्णालयाचा. सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९५० च्या दशकात हृदयतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस आणि अभियंता वेन क्विंटन यांनी हृदयतपासणीसाठी मोटरवर चालणारी ट्रेडमिल वापरात आणली. ब्रूस यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी १९६३ सालची. ती ताशी १.७ मैल, म्हणजे सुमारे २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढाने सुरू होते, आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. अशा चाचणीला अर्थ येतो तो पट्टा प्रत्येक रुग्णाखाली सारखाच चालला तर. ५० किलोच्या बाईंना एक वेग आणि १०० किलोच्या गृहस्थांना दुसरा, असं झालं तर निदानच चुकेल.

हे दिसतं तितकं सोपं नाही. धावताना पाऊल शरीराच्या पुढे पडतं तेव्हा पट्ट्याला ब्रेक लागतो. तेच पाऊल मागे रेटलं जातं तेव्हा पट्ट्याला उलट मदत होते. म्हणजे प्रत्येक पावलाला मोटरवरचा भार वरखाली होतो. म्हणून मोटरच्या किंवा रोलरच्या फेऱ्यांवर सेन्सर बसवतात. त्याचे ठोके मोजून कंट्रोलर खरा वेग आणि मागितलेला वेग यांची तुलना करतो, आणि फरकाप्रमाणे मोटरची वीज वाढवतो किंवा घटवतो. मोठ्या प्रवाहावर असा झटपट ताबा ठेवणं थायरिस्टर या विजेचा मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागामुळे सोपं झालं, आणि तो बाजारात आला १९५० च्या दशकाच्या अखेरीस. पुढे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर आले आणि मोटरची घरघर व धक्के दोन्ही कमी झाले. घरात ठेवता येईल अशी ट्रेडमिल शक्य होण्यामागे या भागांचा वाटा मोठा आहे.

जिममध्ये संगणक आणला तो सायकलीने. कॅलिफोर्नियातले रसायनशास्त्रज्ञ कीन डिमिक यांची लाइफसायकल हे त्यातलं गाजलेलं नाव. डिमिक मूळचे गॅस क्रोमॅटोग्राफ बनवणारे, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांत मुरलेले गृहस्थ. रे विल्सन आणि ऑगी निएटो यांनी १९७७ मध्ये या सायकलीचे हक्क घेतले. समोर दिव्यांच्या उभ्या रांगांनी काढलेल्या टेकड्या येत, आणि टेकडी आली की पेडल आपोआप जड होई. ही करमणूक वाटेल, पण यंत्राच्या बाजूने पाहिलं तर रोध आता माणसाच्या हातातून संगणकाच्या प्रोग्रॅमच्या हातात गेला होता. पुढच्या अनेक सायकलींत रोधासाठी अल्टरनेटर आला. तो माणसाच्या मेहनतीतूनच पडद्यापुरती वीज तयार करतो, त्यामुळे भिंतीतल्या सॉकेटची गरजच उरली नाही.

याच इलेक्ट्रॉनिक्समुळे ठरलेल्या वॉटवर चालणारी सायकल शक्य झाली. शक्ती म्हणजे पिळाचा जोर (टॉर्क) गुणिले फिरण्याचा वेग. तुम्ही पाय मंदावलात की यंत्र ब्रेक वाढवतं आणि वॉट तेवढेच ठेवतं. प्रयोगशाळेला हे फार सोयीचं, पण थकलेल्या माणसाची यात कोंडी होते. पाय मंदावले म्हणून पेडल जड होतं, जड झालं म्हणून पाय आणखी मंदावतात, आणि शेवटी पेडल अडकल्यासारखं होतं. असं होऊ लागलं तर यंत्राशी झुंजू नये; लक्ष्य खाली आणावं आणि पाय पुन्हा वेगात येऊ द्यावेत.

मला या सगळ्यांत सर्वांत देखणी वाटते ती नौकानयनाच्या यंत्राची युक्ती. डिक आणि पीट ड्रेसिगॅकर या भावांच्या कन्सेप्ट२ कंपनीने १९८१ मध्ये सायकलच्या चाकाला पाती लावून पहिलं यंत्र विकायला काढलं. पुढच्या यंत्रांतल्या मॉनिटरला हवेचा रोध किती आहे हे कुणी सांगावं लागत नाही. दोन ओढींच्या मध्ये हे पात्यांचं चाक, म्हणजे फ्लायव्हील, मोकळं फिरत मंदावत असतं. ते किती झपाट्याने मंदावलं यावरून, आणि चाकाचं जडत्व ठाऊक असल्यामुळे, मॉनिटर प्रत्येक ओढीनंतर रोध नव्याने काढतो. जाळीवर धूळ बसली, हवा विरळ असली, झडप कमीजास्त उघडली, तरी हिशोब त्या त्या वेळचाच लागतो. एक चाक, फेऱ्या टिपणारा एक सेन्सर आणि भौतिकशास्त्र, एवढ्यावर हे भागतं.

पायाचा जोर थेट मोजायचा तर स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारा सेन्सर, लागतो. तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्ये नोंदवलं होतं, आणि चिकटवता येणारा गेज १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे तयार केला. जर्मनीच्या उलरिख शोबरर यांनी १९८६ मध्ये असे गेज सायकलच्या क्रँकमध्ये, म्हणजे पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या भागात, बसवले आणि रस्त्यावरचे वॉट मोजता येऊ लागले.

नाडीची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. फिनलंडच्या ओउलू विद्यापीठातले इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये पोलार कंपनी काढली, आणि १९८२ मध्ये तिचा छातीच्या पट्ट्यातून मनगटावरच्या घड्याळाकडे बिनतारी ठोके पाठवणारा संच आला. हा पट्टा हृदयाचे विद्युतसंदेशच टिपतो, म्हणून आजही बाकीची साधनं त्याच्याशी ताडून पाहतात. जुने पट्टे सुमारे ५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय लहरींवर बोलत. शेजारच्या माणसाचे ठोके आपल्या पडद्यावर येण्याचा घोटाळा त्यातूनच होई, आणि तो टाळायला पुढे सांकेतिक संदेश आले.

यंत्राच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्याही हृदयाचेच संदेश पकडतात, पण मूठ आवळली की हाताच्या स्नायूंची वीज त्यात मिसळते. गोंगाटातून हृदयाचा ठोका वेचून काढण्याची जियापू पान आणि विलिस टॉम्पकिन्स यांची १९८५ ची पद्धत आजही अभियंत्यांच्या हाताशी असते. तरीही धावता धावता दांडा धरून घेतलेल्या आकड्यावर फार विसंबू नये.

मनगटावरच्या हिरव्या दिव्याचं मूळ १९३० च्या दशकातल्या आल्रिक हर्ट्झमन यांच्या कामात आहे. त्वचेवर प्रकाश टाकायचा आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परतणारा प्रकाश कसा बदलतो ते पाहायचं. हात हलला की रक्तही हलतं, घड्याळही सरकतं. म्हणून त्यात हालचाल टिपणारा अॅक्सेलरोमीटर असतो आणि हालचालीचा भाग वजा केला जातो. ही वजाबाकी फसली की घड्याळ पावलांचीच लय नाडी म्हणून दाखवतं. आरामात धावत असताना अचानक १७० दिसले आणि तुमची पावलंही मिनिटाला १७० च्या आसपास पडत असली, तर शंका घ्यायला जागा आहे.

नाडी यंत्राच्या हाती लागल्यावर साहजिकच पुढचं पाऊल पडलं: ठरवलेल्या नाडीवर माणसाला ठेवेल असा वेग यंत्रानेच निवडायचा. इथे नियंत्रणाची खरी कसोटी लागते. मोटर क्षणात प्रतिसाद देते. हृदयाला नव्या वेगाशी जुळायला मिनिटभर किंवा जास्तही लागतं. उतावळा कंट्रोलर वेग वाढवत राहतो आणि नाडी लक्ष्याच्या पलीकडे जाते, मग तो एकदम घटवतो. त्यातच लांबलेल्या व्यायामात वेग तोच असूनही नाडी हळूहळू चढत जाते. म्हणून चांगली यंत्रं सावकाश, छोट्या पायऱ्यांनी वेग बदलतात.

आता उष्मांक. सायकलीवर वॉट नीट मोजलेले असतील तर अंदाज बरा निघतो. १०० वॉटने तासभर म्हणजे ३६० किलोज्यूल काम. शरीराची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के आणि १ किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ किलोज्यूल, त्यामुळे खर्च जवळपास तेवढ्याच किलोकॅलरींच्या घरात येतो. ट्रेडमिलला मात्र पट्ट्याचा वेग, चढ आणि तुम्ही टाकलेलं वजन एवढंच ठाऊक असतं. चढ लावून दांड्यावर भार टाकून चाललात तर मेहनत बरीच घटते, आकडा मात्र घटत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणं तपासली. सहांची हृदयगतीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. उष्मांकांत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. त्या आकड्यावर जेवणाचा हिशोब बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

यंत्रांनी आपसांत बोलण्याची भाषा उशिरा जुळली. आधी तारेवरून चालणारी सीसेफ ही संदेशपद्धती, मग बिनतारी एएनटी प्लस, २०१० च्या ब्लूटूथ ४.० बरोबर कमी विजेत चालणारा रेडिओ, आणि २०१७ मध्ये व्यायामयंत्रांसाठीचा ब्लूटूथचा स्वतंत्र आराखडा. त्यामुळे एका कंपनीच्या सायकलीचा रोध दुसऱ्याच कंपनीचं अॅप बदलू शकतं.

माणसाच्या शरीराकडे इतकं लक्ष देणाऱ्या या यंत्रांचं भोवतालाकडचं लक्ष मात्र तोकडं राहिलं. दोरीला बांधलेली चुंबकाची किल्ली पट्ट्यावरच्या माणसाला वाचवते. मागे आलेल्या मुलाला नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटनच्या ट्रेड प्लस या सुमारे १,२५,००० ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या. मुलं आणि वस्तू पट्ट्याच्या मागच्या टोकाखाली ओढल्या गेल्या होत्या आणि एका मुलाचा जीव गेला होता. त्यानंतर सॉफ्टवेअरमधून सांकेतिक अंकांचं कुलूप आलं. काही अडकलं की मोटरचा प्रवाह वाढतो, म्हणून तो पाहून यंत्र थांबवावं हे ओघाने सुचतं. पण जड माणसाच्या प्रत्येक पावलालाही तो प्रवाह उसळतो. मर्यादा खाली ठेवली तर ट्रेडमिल धावणाऱ्याच्या पायाखालीच थांबेल, वर ठेवली तर उशीर होईल. म्हणून मागच्या टोकाला भौतिक आडोसा आणि भोवती मोकळी जागा यांना अजूनही पर्याय नाही.