चोवीस दात आणि सहा वर्षांची दाढ

चौथीच्या वर्गात मी एकदा सगळ्यांना स्वतःचे दात मोजायला लावले होते. साबणाने हात धुवून यायचं, तोंडात बोट घालून आधी वरचे मोजायचे मग खालचे, आणि आकडा वहीत लिहायचा. आधीच सांगून झालेलं की दुधाचे दात २०, मोठ्या माणसाचे ३२, त्यामुळे पोरांना वाटलं उत्तर ह्या दोनपैकीच एक येणार. आले काय तर २४, २३, २४, २२, परत २४. एक मुलगी रडवेली होऊन टेबलापाशी आली, बाई मी तीनदा मोजले, चोवीसच येतायत, माझं काहीतरी चुकतंय. तिचं काहीच चुकत नव्हतं. नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या तोंडात साधारण २४ दातच असतात, आणि हा चोवीसचा हिशोब एकदा नीट लावला की दातांबद्दलची एक फार महत्त्वाची गोष्ट कळते जी बऱ्याच आईबाबांनाही माहीत नसते, म्हणूनच हे लिहायला बसले.

तर हिशोब असा. दुधाचे दात २०, म्हणजे पुढचे पटाशीचे ८, सुळे ४ आणि दाढा ८. बाळ सहा महिन्यांचं झालं की साधारण यायला लागतात, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन जातात. मग सहाव्या-सातव्या वर्षी पटाशीचे दात हलायला लागतात, पडतात, आणि तिथेच पक्के दात येतात. एक गेला, एक आला, आकडा तोच राहिला. मग विसाच्या वर हे जास्तीचे चार आले कुठून? तर ह्या चार दाढा आहेत, वर दोन खाली दोन, ज्या सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, मोकळ्या हिरडीतून येतात. त्यांच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, आणि सगळी गडबड होते ती इथेच.

कारण दात पडला की घरभर बातमी होते. आम्ही लहान होतो तेव्हा पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायचो, आजी म्हणायची उंदराला सांग माझा घे तुझा दे. आता शेण नाही आणि कौलं पण नाहीत, पण फोटो काढला जातो, मामाला व्हिडिओ कॉल होतो. आणि ही दाढ? हिरडीतून आधी दोन बारीक पांढरी टोकं दिसतात, पाठीमागे हिरडीचा एक पातळ पडदा तिच्यावर तसाच असतो, पोराला चावताना जरा खुपतं, एक-दोन दिवस जेवायला कुरकुर करतं आणि विसरून जातं. काही पडलंच नाही म्हणजे नवीन काही आलंच नाही असं आपण धरून चालतो. मग वर्ष-दोन वर्षांनी तिच्यावर काळा ठिपका दिसला की आई म्हणते, राहू दे, दुधाचीच आहे, पडेल. हे वाक्य मी पालकसभेत इतक्या वेळा ऐकलंय की आता मी आधीच सांगून टाकते, ती पडणार नाही. सातव्या वर्षी तोंडात असलेली ही दाढ सत्तराव्या वर्षीही भाकरी चावायला लागणार आहे, आणि तिच्या जागी दुसरी येत नाही.

आता हीच दाढ इतकी का किडते तेही बघा. एक तर ती वर यायला खूप वेळ घेते, कित्येक महिने ती पुढच्या दाढेपेक्षा बुटकीच असते, त्यामुळे ब्रश पुढच्या दाढांवरून फिरतो आणि हिच्या डोक्यावरून तसाच निघून जातो, टेकतच नाही. दुसरं म्हणजे हिच्या वरच्या भागात खोल आणि अरुंद खाचा असतात. ब्रशचा एक केस पण त्या खाचेपेक्षा जाड असतो. खराट्याच्या काडीने फरशीतली केसाएवढी फट साफ होईल का, तसंच ते. तिसरं, दात नवीन असतो तेव्हा त्याचं वरचं कवच, एनॅमल, अजून पुरतं घट्ट झालेलं नसतं, ते तोंडात आल्यावर लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट घेत घेत हळूहळू पक्कं होतं.

हे एनॅमल म्हणजे आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, हाडापेक्षाही कठीण, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. पण हाड मोडलं तर प्लास्टर घालून जुळतं कारण त्यात जिवंत पेशी असतात, एनॅमल बनवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून बाहेर येतानाच संपून जातात. त्यामुळे भोक पडलं की पडलं, शरीराकडे ते भरायची सोय नाही, डॉक्टरनेच भरायचं. एनॅमलच्या आत डेंटिन, ते मऊ, आणि त्याच्या आत नस. ठणका लागतो तो कीड नसेजवळ पोचल्यावर, म्हणजे दुखत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं अजिबात नसतं.

आणि कीड म्हणजे अळी नव्हे, हे पोरांना मुद्दाम सांगावं लागतं. तोंडात बॅक्टेरिया असतात, त्यातला स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा मुख्य, ते आपण खाल्लेल्या साखरेतून ॲसिड बनवतात. तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), ५.५ च्या आसपास खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ कामाला लागते, ॲसिड धुते, थोडी खनिजं परत दातात भरते, आणि अर्ध्या-पाऊण तासात गाडी रुळावर येते. म्हणजे एक लाडू जेवताना खाल्ला तर दाताला एकदाच मार. तोच लाडू ताटलीत ठेवून दिवसभर येता-जाता चिमूटभर खाल्ला तर दिवसभर मार, लाळेला सावरायला वेळच नाही. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत १९४५ पासून काही वर्षं हे तपासलं गेलं. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांचे दात फारसे जास्त किडले नाहीत, जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या खाणाऱ्यांचे झपाट्याने किडले. तिथले लोक बौद्धिक अपंगत्व असलेले होते आणि त्यांची परवानगी कुणी घेतलीच नव्हती, ते फार वाईट झालं, आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. पण किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं, हे ज्ञान त्या माणसांच्या किडलेल्या दातांतून आलंय, म्हणून तरी ते वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

फक्त गोडच वाईट असंही नाही बरं का. वर्गात अजून एक प्रयोग करतो आम्ही. कोरड्या पोळीचा एक घास घ्यायचा, गिळायचा नाही, मिनिटभर चावत राहायचा. हळूहळू गोडसर लागायला लागतो, कारण लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य पिठातल्या स्टार्चची साखर करतं. आता वेफर्स किंवा बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचेत दोन तास चिकटून बसला तर तिथेही तेच होणार ना. म्हणून मधल्या सुट्टीत काही चिकट खाल्लं की पाण्याने खळखळून चूळ भरायची, शेंगदाणे, चणे, काकडी-गाजर, पेरू असलं काही डब्यात असेल तर उत्तमच.

रात्रीचा ब्रश मात्र सोडायचा नाही. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, म्हणजे रखवालदार झोपलेला आणि चोर जागे. सकाळी घाईत एक वेळ कमी घासलं तर मी रागावणार नाही, रात्री न घासता झोपलं तर रागावेन. ह्या दाढेसाठी ब्रश गालाच्या कोपऱ्यातून आडवा घालायचा, तोंड थोडं मिटलेलं ठेवून, म्हणजे गाल सैल पडतो आणि ब्रश मागपर्यंत जातो. पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी अख्ख्या ब्रशभर नाही. आणि शेवटी फक्त थुंकायचं, ग्लासभर पाण्याने चुळा भरल्या तर दातावर राहायला हवं ते पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड पण वाहून जातं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड ह्या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसतात, तिकडच्या पालकांनी पेस्ट कुठली आणि किती हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि दात दुखला म्हणून पोराच्या हिरडीला मिश्री लावणं कृपा करून बंद करा, ती भाजलेली तंबाखू आहे, औषध नाही.

दाढ पूर्ण वर आली की तिच्या खाचा बुजवून घेता येतात, त्याला सीलंट म्हणतात. सुई नाही, कोरणं नाही, एक पातळ लेप लावतात आणि निळसर लाइटने तो घट्ट करतात. सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते, २०१३ पासून हा कार्यक्रम आहे आणि दात त्यांच्या यादीत आहेत, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका आणि दाढ दाखवायला सांगा.

दुधाच्या दाढांनाही असू दे म्हणू नका. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत जागा धरून बसलेल्या असतात. एखादी किडून लवकर काढावी लागली तर मागची ही सहा वर्षांची दाढ पुढे सरकते, आणि त्या दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या पक्क्या दाताला, म्हणजे उपदाढेला, जागाच उरत नाही, मग ती वाकडी येते.

आज रात्री एक करा. पोराला मांडीवर आडवं झोपवा, मोबाइलचा टॉर्च लावा, आणि मधल्या रेघेपासून मागे मोजत जा, एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी आहे का बघा. असेल तर तीच ती. पोरालाही आरशात दाखवा, जीभ लावून बघ म्हणावं, वर्गातल्या पोरांना ह्याची इतकी मजा वाटली की दुसऱ्या दिवशी निम्म्या जणांनी धाकट्या भावंडांचे दात मोजून आणले होते. घरात सातवीतलं कुणी असेल तर त्याचंही तोंड उघडून बघा, कारण बाराव्या वर्षाच्या आसपास सातव्या नंबरची दाढ येते आणि ती पण अशीच, काहीही न पडता.