बिनवायरचा मांस-थर्मामीटर: रेघ मांसाच्या आत गेली का?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

थर्मामीटर घेऊन गेलेली मंडळी पुन्हा दुकानात येतात तेव्हा तक्रार बहुधा या तिन्हींपैकी एक असते. आकडा उड्या मारतो. फोनवरचं अ‍ॅप म्हणतं झालं, आणि कापल्यावर आत कच्चं निघतं. किंवा प्रोब चार्जच होत नाही, मेला. फोनवर दर वेळी तेच समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं आहे. पुढच्या रविवारी मटण आणण्याआधी वाचा.

प्रोबवर, म्हणजे त्या स्टीलच्या सळईवर, एक बारीक रेघ कोरलेली असते. ती शोभेची नाही. तिथपर्यंत सळई मांसात गेलीच पाहिजे. अर्धी खुपसून चालत नाही आणि रेघ जराशी बाहेर राहिली तरी चालत नाही. आमच्याकडे बिघडून येणाऱ्या प्रोबांमागे सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. सळईच्या टोकाशी मांसाचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. दुसऱ्या बाजूच्या काळ्या सिरॅमिक मुठीत भट्टीतल्या हवेचं तापमान मोजणारा असतो. या दोन्हींच्या मधे, स्टीलच्या नळीत, बॅटरी आणि सर्किट. मूठ २७५ अंशांपर्यंतची हवा सोसते, पण बॅटरीकडच्या भागाची मर्यादा १०० अंश आहे. मग २०० अंशांच्या ओव्हनमध्ये बॅटरी टिकते कशी? मांसामुळे. मांसात पाणी असतं, आणि ते ओलं आहे तोवर त्याच्या आतलं तापमान १०० च्या वर जात नाही. मांस हेच त्या बॅटरीचं चिलखत. रेघ बाहेर राहिली की बॅटरी थेट गरम हवेत येते, आणि एकाच रविवारी कामातून जाते.

म्हणूनच अ‍ॅपवर आतला आकडा १०५, ११०, १३० असा दिसू लागला तर मांस फार शिजलं असं समजू नका. टोक मांसाबाहेर आलं आहे. लगेच चिमट्याने प्रोब काढा.

आता आपल्याकडची खास अडचण. हे थर्मामीटर ज्या देशांतल्या स्वयंपाकासाठी बनले तिथे मांसाचा गोळा मोठा आणि अखंड असतो. आपण चिकन आणलं की आधी हाडापर्यंत चिरा मारतो, म्हणजे मसाला आत मुरतो. पद्धत चांगली आहे, ती सोडा असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण प्रोब त्या चिरेच्या आसपास गेला की टोक मांसात नसतं, चिरेतल्या दही-मसाल्यात असतं किंवा नुसत्या हवेत असतं. तिथली गरमी भराभर चढते, अ‍ॅप बिचारं तोच आकडा दाखवतं, तुम्ही कोंबडी बाहेर काढता आणि मांडीपाशी मांस कच्चंच निघतं. मग म्हणता थर्मामीटर खोटा.

उपाय सोपा आहे. खाटकाला आधीच सांगा, "अख्खी द्या, चिरा मारू नका." घरी मांड्यांना आणि पाठीला हव्या तितक्या चिरा द्या, पण छातीची एक बाजू अखंड ठेवा. त्या बाजूला मीठ, हळद, आलं-लसूण आदल्या रात्रीच चोळून फ्रीजमध्ये ठेवलं तर मीठ आपोआप आत जातं. प्रोब मानेच्या बाजूने आडवा घाला, छातीच्या हाडाला समांतर, सर्वांत जाड भागातून. हाडाला टेकल्यासारखं वाटलं तर किंचित मागे घ्या आणि दिशा बदलून पुन्हा आत सरकवा. हाड मांसासारखं तापत नाही, त्याला टेकलेला सेन्सर चुकीचंच सांगणार. बोकडाची रान (मागची अख्खी मांडी) असेल तर रुंद बाजूने, हाडाच्या शेजारून, हाडाला न लागता. शेवटी बोट फिरवून पाहा: रेघ हाताला लागते का? लागली तर अजून आत.

तुकड्यांचं काय, हे हमखास विचारलं जातं. सुरमईचे काप, चिकन टिक्का, लॉलीपॉप यांत हा प्रोब बसतच नाही. रेघेपर्यंतची लांबी साधारण तर्जनीएवढी आहे, तेवढी जागा तुकड्यात कुठून येणार? त्यासाठी टोचून दोन-तीन सेकंदांत आकडा दाखवणारा साधा थर्मामीटर घ्या. तो आमच्याकडेही मिळतो आणि बराच स्वस्त आहे. घरी बहुतेक टिक्का आणि मासेच होत असतील तर बिनवायरचा घेऊ नका, हे आम्ही गिऱ्हाइकाला काउंटरवरच सांगतो. अख्खी कोंबडी, रान, खांदा, मोठं बदक किंवा टर्की करणाऱ्यांनाच त्याचे पैसे वसूल होतात.

आकडे किती धरायचे

अमेरिकेच्या कृषी खात्याने घरगुती स्वयंपाकासाठी दिलेली किमान तापमानं अशी: कोंबडी आणि सगळे पक्षी ७४ अंश, मटणाचा खिमा ७१, मटणाचे अखंड मोठे भाग ६३ आणि त्यानंतर तीन मिनिटं थांबणं, मासे ६३. हे सेल्सिअसमध्ये आहेत. अ‍ॅपमध्ये फॅरेनहाइट चालू राहिलं असेल तर ७४ च्या जागी १६५ दिसेल. पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन सेल्सिअस करून घ्या.

पण हे सुरक्षिततेचे आकडे झाले, चवीचे नव्हेत. अ‍ॅपमध्ये 'लॅम्ब' निवडलं की ते ६० च्या आसपास थांबायला सांगतं. तो हिशोब कोवळ्या मेंढीच्या गुलाबी मांसाचा आहे. आपल्या बोकडाची रान ६३ ला काढली तर ती सुरक्षित असेल, पण दाताखाली रबरासारखी लागेल आणि घरातले म्हणतील शिजलीच नाही. बोकडाच्या मांसातले चिवट धागे ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळू लागतात, आणि हाडापासून सहज सुटणारं मटण हवं असेल तर ९० ते ९३ पर्यंत सावकाश न्यावं लागतं. म्हणून अ‍ॅपमधली तयार यादी सोडून द्या आणि आकडा स्वतः घाला. ब्रॉयलर कोंबडीची छाती ७४, मांडी ८० ते ८५. गावठी कोंबडी जून असेल तर मांडी ९० पर्यंत न्या.

रंगावर जाऊ नका. ब्रॉयलर लहान वयाचा असतो, त्याच्या हाडातला लाल रंग शिजल्यावरही मांसात उतरतो. धुरावर केलेल्या मटणाच्या कडेला गुलाबी पट्टा येतो, तो धुरातल्या वायूमुळे येतो, कच्चेपणामुळे नाही. आणि काश्मिरी मिरची लावली की रंगावरून काहीच कळत नाही. प्रोब नीट बसलेला असेल तर आकड्यावर विश्वास ठेवा.

"उकळत्या पाण्यात ९८ दाखवतो, खराब आहे का?"

नाही. बरोबर दाखवतो. घरी नेल्या नेल्या उकळत्या पाण्यात तपासून आमच्याकडे परत आणणारे खूप जण असतात, आणि तपासून घेण्याची त्यांची सवय आम्हाला आवडते. पण पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. त्यामुळे मुंबईच्या पाहुण्यांकडे १०० दाखवणारा प्रोब नाशकात ९८ च्या आसपास दाखवणारच. महाबळेश्वरला नेलात तर आणखी दोन-अडीच अंश कमी.

यापेक्षा बर्फाची परीक्षा सोपी आणि पक्की. स्टीलचा उंच पेला बर्फाच्या चुऱ्याने काठोकाठ भरा, फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा आणि दोन मिनिटं थांबा. मग प्रोब रेघेपर्यंत बुडवा, तळाला किंवा कडेला टेकवू नका. शून्याच्या एक अंश इकडे-तिकडे आला तर प्रोब ठीक आहे. त्याहून फरक असेल तर आमच्याकडे घेऊन या, वॉरंटीत बदलून देऊ.

कशात वापरू नये

प्रेशर कुकरमध्ये नाही. शिट्टीच्या कुकरमध्ये आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, म्हणजे तिथे मांसही १०० ओलांडतं आणि बॅटरीचं संरक्षण संपतं. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही. मातीच्या तंदूरमध्येही नाही, तिथली आच मुठीच्या मर्यादेच्या फार पुढची असते. ओटीजी, झाकणाचं ग्रिल, ड्रमचा स्मोकर इथे चालतो. एअर फ्रायरमध्ये मूठ वरच्या कॉइलला लागणार नाही एवढी जागा आहे का पाहा. आणि कुठेही निखाऱ्याची ज्वाळा थेट मुठीला लागू देऊ नका.

सिग्नल तुटतो तेव्हा

डबीवर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. ब्लूटूथच्या लहरी लोखंडातून जात नाहीत आणि ओल्या मांसात शोषल्या जातात. लोखंडी ड्रमचं झाकण लावून तुम्ही वरच्या मजल्यावर टीव्ही पाहत बसलात, मधे दोन स्लॅब, तर जोड सुटणारच. चार्जिंगची डबी हीच पुढे सिग्नल पाठवणारी असते, म्हणून ती ग्रिलजवळ ठेवा. जवळ म्हणजे हातभर अंतरावर स्टुलावर. मागे चुंबक आहे म्हणून गरम झाकणाला चिकटवू नका, डबी प्लास्टिकची आहे. घरात जुना फोन पडून असेल तर तोही तिथेच ठेवा आणि वायफायवरून आकडा आत बघा. गंगापूर धरणाकडे फार्महाउसवर जात असाल तर घरूनच अ‍ॅप उघडून प्रोब जोडून घ्या, तिथे नेटवर्क शोधण्यात वेळ जातो.

धुरावर करताना

स्मोकरमध्ये ११० ते १२० अंशांवर रान ठेवली की पहिले दीड-दोन तास आकडा छान चढतो आणि मग ६५ ते ७५ च्या मधे कुठेतरी थांबतो. तासभर तिथेच. मोठा तुकडा असेल तर त्याहूनही जास्त. याच वेळी आम्हाला फोन येतात, "मशीन अडकलं." अडकलेलं नाही. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडतं आणि ते उडताना मांसाला गार ठेवतं, घाम आपल्याला गार ठेवतो तसं. इथे कोळसा वाढवला की बाहेरून करपतं. थांबा, किंवा रंग मनासारखा आल्यावर रान फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. बाष्प अडलं की आकडा पुन्हा चढू लागतो. गुंडाळताना प्रोब काढायची गरज नाही, मूठ मात्र फॉइलच्या बाहेर राहू द्या, नाहीतर भट्टीचं तापमान फॉइलच्या आतलं दिसेल. सिग्नलही फॉइलच्या आत कोंडतो.

उतरवल्यावर वीस मिनिटं कापू नका. ओव्हनमधून ७४ ला काढलेली कोंबडी ओट्यावर आणखी तीन-चार अंश चढते.

लाकडाबद्दल थोडं. बाभूळ आणि आंबा दोन्ही चांगले, पूर्ण वाळलेले हवेत. नाशकात द्राक्षाच्या काड्या फुकट मिळतात म्हणून लोक छाटणीनंतरचे भारे उचलून आणतात. वेलीचा धूर खरोखर सुरेख असतो, पण त्या काड्यांवर हंगामभर फवारणी झालेली असते, त्यांवर अन्न शिजवू नका. बाग मोडली तर जुन्या खोडाची साल काढून, आतलं लाकूड वर्षभर वाळवून वापरा. पॅकिंगच्या खोक्यांची पाइनची फळी आणि प्लायचे तुकडे कधीच नाही. २०० लिटरचे ड्रम-स्मोकर आम्ही अंबडला नव्या पत्र्याचे बनवून घेतो, त्याचंही कारण हेच. भंगारातल्या ड्रममध्ये आधी काय होतं ते कुणालाच ठाऊक नसतं.

धुणं, चार्जिंग आणि श्रावण

"चार्ज होत नाही" म्हणून आलेल्या प्रोबांपैकी बरेचसे आम्ही काउंटरवरच चालू करून देतो. मुठीच्या टोकाला आणि डबीच्या आत जे धातूचे ठिपके असतात, त्यांवर तेल-हळदीचा पिवळट पातळ थर बसतो. डोळ्यांना जेमतेम दिसतो, नख फिरवलं की चिकट लागतो. तेवढ्याने चार्जिंगची वीज प्रोबपर्यंत पोचत नाही. दर वेळी प्रोब कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, सिरॅमिकवर तारेची घासणी लावू नका, आणि ठिपके स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. डबी पाण्यात बुडवायची नाही, फक्त पुसायची.

आखाडात थर्मामीटर रोज वापरला जातो आणि श्रावण लागला की डबी कपाटात जाते, ती बऱ्याच घरांत थेट गणपती उठल्यावरच निघते. डबी सेलवर चालणारी असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर पाझरून पत्रे गंजतात. प्रोबमधली छोटी बॅटरीही पूर्ण उतरू देऊ नका, महिन्यातून एकदा चार्ज करा.

वॉरंटीबद्दल

रेघ बाहेर ठेवून तापलेला प्रोब आम्ही वॉरंटीत बदलून देत नाही. काही ग्राहकांना हे कडक वाटतं. पण अ‍ॅपमधल्या नोंदीत आतलं तापमान किती वर गेलं ते दिसतं, आणि कंपनीही आमच्याकडून तीच नोंद मागते. ती नोंद नाकारून आम्ही प्रोब बदलत राहिलो तर तो खर्च सगळ्यांच्याच किमतीत चढवावा लागेल. अशा वेळी नवा एकटा प्रोब, डबीशिवाय, कमी दरात देतो. आणि पहिला थर्मामीटर घेताना आम्ही दुकानात बटाट्यात खुपसून दाखवतो, रेघ कुठे आली पाहिजे ते. घाईत असलात तरी तेवढं पाहून जा.

तपासणीला आणताना प्रोब धुऊन, डबीसकट आणि रात्रभर चार्जला लावून आणा. ज्या फोनवर अ‍ॅप आहे तोही सोबत असू द्या. तपासणी मोफत आहे, आमच्याकडून घेतलेला नसला तरी. शनिवारी संध्याकाळी शक्यतो येऊ नका, त्या वेळी रविवारच्या खरेदीची गर्दी असते आणि बर्फाच्या परीक्षेला वेळ देता येत नाही. सोमवारी दुकान बंद.