घोर निष्काळजीपणा म्हणजे फसवण्याचा हेतू नव्हे

अमेरिकेत पेटंट ऑफिसला फसवून पेटंट मिळवलं, तर कोर्ट ते बजावू देत नाही. लबाडी एकाच क्लेमपुरती (पेटंटात हक्क सांगणाऱ्या एका कलमापुरती) असली तरी अख्खं पेटंट हातचं जातं. दडवलेल्या माहितीचं महत्त्व ठरवणंही फारसं अवघड नाही: ती समोर असती तर एक्झामिनरने, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, तो क्लेम मंजूर केला असता का? नसता, तर ती महत्त्वाची. धडधडीत खोटं प्रतिज्ञापत्र दिलं असेल, तर हाही प्रश्न उरत नाही.

घोळ होतो तो हेतूपाशी. ‘इतकी महत्त्वाची माहिती दिली नाही, म्हणजे मुद्दामच दडवली’ असं अजूनही छातीठोकपणे लिहिलं जातं. ते साफ चूक आहे. पूर्वी माहितीचं महत्त्व जास्त असेल तर हेतूचा पुरावा थोडा पातळ असला तरी चालून जायचा. २०११ साली फेडरल सर्किटच्या, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या अमेरिकी कोर्टाच्या, पूर्ण पीठाने थेरासेन्स खटल्यात ही सवलत काढून घेतली. आता महत्त्व आणि हेतू दोन्ही वेगवेगळे, स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करावे लागतात.

संदर्भ (आधीचं पेटंट किंवा लेख यांसारखी माहिती) माहीत होता, तो महत्त्वाचा आहे हेही माहीत होतं आणि तरी तो न देण्याचं जाणूनबुजून ठरवलं, एवढं सगळं दाखवावं लागतं. ‘माहीत असायला हवं होतं’ हा युक्तिवाद तर कायमचा बंद व्हायला हवा. तो निष्काळजीपणा दाखवतो, फार तर घोर निष्काळजीपणा, पण हेतू नाही. २०१२च्या फर्स्ट मीडिया खटल्यात संदर्भ माहीत असल्याचं दिसत होतं, पण ते दडवायचं ठरवल्याचा पुरावा नव्हता. पेटंट वाचलं.

कबुली कोण देणार? म्हणून परिस्थितीजन्य पुरावा चालतो. मात्र त्यातून निघणारा सर्वांत वाजवी निष्कर्ष एकच असावा लागतो, आणि तो फसवणुकीचाच. तितकाच पटणारा दुसरा खुलासा शक्य असला की आरोप पडला. पेटंटधारक गप्प राहिला म्हणून दोषी ठरत नाही. सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर.

हे अशक्य मात्र नाही. थेरासेन्समध्ये वाद रक्तातली साखर मोजणाऱ्या पट्टीवरच्या संरक्षक पडद्याचा होता; तो नसणं हेच नव्या पेटंटाचं वेगळेपण होतं. जुन्या पेटंटात तो ‘ऐच्छिक, पण शक्यतो असावा’ असा उल्लेख होता. पेटंटधारक अ‍ॅबट कंपनीने युरोपातल्या पेटंट ऑफिसला सांगितलं की पडदा ऐच्छिकच आहे. अमेरिकेत प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की त्या क्षेत्रातला जाणकार ते वाचून तो आवश्यकच समजेल. युरोपातली निवेदनं अमेरिकेत दाखवलीच नाहीत. नव्या, कडक कसोटीवरही खालच्या कोर्टाने २०१२ साली हेतू सिद्ध झाल्याचाच निकाल दिला.