मुख्य लिंक मेली, हे ठरवायचं कुणी?

पावसाळा तोंडावर आला की वागळे इस्टेटपासून रबाळे-महापेपर्यंतच्या कारखान्यांत नेटवर्कचा एकच हिशेब मांडला जातो: एक वायरलेस लिंक (दोन इमारतींना रेडिओ लहरींनी जोडणारी वाट) दगा देते ना, मग दोन लावा. कागदावर हा हिशेब छान जमतो. ९९ टक्के वेळ चालणारी लिंक वर्षाच्या ८,७६० तासांपैकी साधारण ८७ तास बंद असते. तशा दोन लावल्या, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.०१ टक्के, म्हणजे वर्षाला जेमतेम ५३ मिनिटं. ‘शून्य डाउनटाइम’च्या जाहिराती याच गुणाकारावर उभ्या असतात. मात्र एकीच्या बिघाडाचा दुसरीशी काहीही संबंध नसेल, तरच हा गुणाकार करता येतो.

दोन्ही रेडिओ एकाच पीओई स्विचवर (नेटवर्क केबलमधूनच वीज पुरवणाऱ्या पेटीवर) आणि तो स्विच एकाच एमसीबीवर, म्हणजे विजेच्या एकाच खटक्यावर असेल, तर एमसीबी ट्रिप झाला की दोन्ही गेले. पावसाचंही तेच. साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर पावसाचे थेंब लहरींची ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. १८ गिगाहर्ट्झच्या दोन लिंक एकाच रेषेत असतील, तर धुवाधार सरीत दोन्ही एकदमच ढेपाळतील. त्यापेक्षा राखीव लिंक ५.८ गिगाहर्ट्झची ठेवावी; वेग कमी मिळतो, पण पावसाचा तिला जवळपास उपद्रव नाही. लिंक ऐरोली-मुलुंडसारखी खाडीवरून जात असेल, तर पाण्यावर आपटून येणारी लहर थेट लहरीत मिसळते, कधी तिला बळ देते, कधी तिला मारते. भरती-ओहोटीला पाण्याची पातळी काही मीटर बदलली की हे गणितही बदलतं. अशा वेळी दुसरा अँटेना त्याच टॉवरवर काही मीटर खाली लावतात, म्हणजे दोन्हीकडचा सिग्नल सहसा एकाच क्षणी पडत नाही.

आता राखीव लिंक जागी कशी होते ते पाहू, कारण सगळी खुबी तिथेच आहे. डिकीतली स्टेपनी हा कोल्ड स्टँडबाय: थांबा, जॅक लावा, मग चाक बदला. प्रत्येक लिंकमागे एक राउटर, म्हणजे पॅकेटांना वाट दाखवणारं यंत्र, असतो. हॉट स्टँडबायमधला राउटर चालू असतो, त्याची सेटिंग तयार असतात, तो फक्त गप्प असतो. व्हीआरआरपी या प्रोटोकॉलमध्ये (यंत्रांनी आपसात बोलायच्या नियमांत) दोन राउटर मिळून एक सामाईक आभासी आयपी पत्ता (नेटवर्कमधला पत्ता) आणि आभासी मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क-जोडणीचा पत्ता) वापरतात. मुख्य राउटर दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पोचणाऱ्या) पत्त्यावर ‘मी आहे’ असा निरोप पाठवतो. राखीव राउटर फक्त शांतता मोजतो. किती शांततेनंतर ताबा घ्यायचा? तीन निरोपांचा वेळ, अधिक (२५६ − प्राधान्य) भागिले २५६ सेकंद. प्राधान्य म्हणजे राउटरला दिलेला मानाचा आकडा. प्राधान्य १०० असेल तर ३ + ०.६१, म्हणजे सुमारे ३.६ सेकंद. हा अपूर्णांक मला या प्रोटोकॉलचा सर्वांत देखणा भाग वाटतो. राखीव राउटर दोन असले, तर जास्त प्राधान्याचा आधी उठतो, आणि दोघे एकदम खुर्चीत बसायला धावत नाहीत. मॅक पत्ता तोच राहत असल्याने ऑफिसातल्या संगणकांना काही कळतही नाही. तो पत्ता आता कुठल्या पोर्टवर आहे एवढंच स्विचला नव्याने शिकावं लागतं.

मग ३.६ सेकंद तरी का थांबायचं? बीएफडी हा लिंक जिवंत आहे का ते झटपट तपासणारा प्रोटोकॉल वापरून ५० मिलिसेकंदांचे तीन ठोके, म्हणजे ‘मी आहे’सारखे निरोप, चुकले की १५० मिलिसेकंदांत निकाल लावता येतो. वायरलेसवर ते महागात पडतं. हस्तक्षेपामुळे पाव सेकंद पॅकेट हरवणं तिथे रोजचंच. तेवढ्यावर बदली झाली, की लिंक परतते, पुन्हा जाते, आणि चालू फोन कॉल प्रत्येक वेळी अडखळतात. म्हणून मुख्य लिंक परत आल्यावर तिच्याकडे लगेच ताबा देऊ नये. दोन-तीन मिनिटं ती स्थिर आहे का ते पाहावं.

ठोके ज्या वाटेने जातात तिचंही तसंच. वाय-फायवर ॲक्सेस पॉइंटने (वाय-फाय पुरवणाऱ्या पेटीने) पाठवलेल्या मल्टिकास्ट फ्रेमची, म्हणजे डेटाच्या तुकड्याची, पोच येत नाही, त्यामुळे हरवलेली फ्रेम पुन्हा पाठवली जात नाही. दोन राउटरमधले ठोके केबलवरूनच न्यावेत. ती केबल तुटली किंवा फायरवॉलच्या एखाद्या नियमाने ठोके अडवले, तर दोघेही जिवंत असून प्रत्येकाला दुसरा मेलेला वाटतो. दोघे एकच पत्ता सांगू लागतात आणि नेटवर्क एका लिंकवर होतं त्याहून वाईट चालतं.

सर्वांत जास्त फसगत होते ती मात्र वेगळ्याच जागी. राउटर ठणठणीत, पण खाडीपलीकडची रेडिओ लिंक मेलेली. ठोके नियमित चालू, राखीव राउटर गप्प, आणि पॅकेट खड्ड्यात. यासाठी राउटरला पलीकडच्या टोकाला पिंग (‘आहेस का?’ असं विचारून उत्तराची वाट पाहणं) करायला लावतात, आणि पिंग थांबलं की त्याचं प्राधान्य घटवतात. मुख्य ११०, राखीव १०० असताना घट ५ ठेवली, तर १०५ उरतात आणि बदली होतच नाही. घट २० हवी. शिवाय राखीव राउटरवर प्रीएम्प्ट, म्हणजे कमी प्राधान्याच्या राउटरकडून ताबा काढून घ्यायची मुभा, चालू हवं. पिंग छतावरच्या आपल्याच रेडिओला करून उपयोग नाही, तो मास्ट (रेडिओचा खांब) पडेपर्यंत उत्तर देत राहील.

खंडेनवमीला रॅकला हार-फुलं वाहणारी ऑफिसं पुष्कळ आहेत. जरूर वाहा, पण फुलांनी राखीव लिंक उठत नाही. त्याच दिवशी मुख्य राउटरची वीज काढूनही बघा. आधी एका संगणकावरून पलीकडच्या टोकाला दर १०० मिलिसेकंदांनी पिंग चालू ठेवा आणि हरवलेली उत्तरं मोजा. ३६च्या आसपास असली, तर टायमर नियमाप्रमाणे चालतोय. ४००च्या घरात गेली, तर दोष परतीच्या वाटेत आहे: तिथे ओएसपीएफ (राउटरांनी आपसात वाटा ठरवायचा प्रोटोकॉल) असेल, तर तो मूळ सेटिंगमध्ये दर १० सेकंदांनी हॅलो पाठवतो आणि ४० सेकंद शांतता झाल्यावरच शेजाऱ्याला मेलेला मानतो. तोवर पलीकडचा राउटर बंद पडलेल्या लिंककडेच उत्तरं धाडत असतो.