निसर्गप्रेरित डिजिटल फर्निचर

झाड, हाड किंवा शिंपला भार कसा पेलतो याचा नियम हेरून तो संगणकावर आकृतीत उतरवायचा आणि सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेनुसार फिरत्या पात्याने कापणारे यंत्र), लेझर कटर किंवा थ्रीडी प्रिंटर यांवर त्यातून खुर्च्या, टेबले, बाके घडवायची, या पद्धतीला निसर्गप्रेरित डिजिटल फर्निचर म्हणता येते. देवघरांसाठी सीएनसीवर कापलेली वेलबुट्टीची जाळी कितीही देखणी असली तरी या संज्ञेत बसत नाही, कारण जाळी काढून घेतली तरी देवघराच्या बळात फरक पडत नाही.

यूलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार भार येतो तिथे हाड भरते आणि भार नसतो तिथे झिजते. झाडे व हाडे यांच्या वाढीवरून जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मॅथेक यांनी बसवलेली संगणकीय पद्धत मोटारींचे भाग हलके करण्यासाठी वापरली गेली. तिच्याच आधारे डच रचनाकार योरिस लार्मान यांनी २००६ मध्ये ॲल्युमिनियमची ‘बोन चेअर’ घडवली. भार न वाहणारा भाग संगणकाने वगळत नेल्याने तिचे पाय फांद्यांसारखे एकमेकांत मिळालेले दिसतात.

ठाणे आणि नवी मुंबई यांच्यामधून जाणाऱ्या, २०२२ मध्ये रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेल्या ठाणे खाडीच्या काठी खारफुटी आहे, आणि आपल्याकडच्या रचनाकाराने धडा घ्यावा तो या वनस्पतींकडून. त्यांच्यातल्या कांदळाची आधारमुळे खोडातून कमानीसारखी निघून चिखलात पसरतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीतही झाड उभे ठेवतात. टेबलाचे पाय तसे फाकवले की ते सहजी उलटत नाही. मात्र चिखल मुळांना धरून ठेवतो, तसे टाइल्स पायांना धरत नाहीत. वजन पडताच कमान बाहेर सरकू पाहते, म्हणून खाली पायांना जोडणारे कडे घालावे लागते. कांदळवन तोडण्यास मनाई असल्याने कांदळाकडून घ्यायचा तो केवळ हा नियम.

प्रत्यक्ष काम बहुधा ८ × ४ फुटी, १८ मिमी प्लायवर होते. सहा फुटी बाक प्लायच्या उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून, मध्ये १८ मिमीचीच फट ठेवून रचले, तर जवळपास ५० पट्ट्या लागतात आणि प्रत्येकीचा आकार शेजारणीपेक्षा किंचित वेगळा असतो. हाताने हे काम किचकट, यंत्राला मात्र सारख्या आणि वेगळ्या पट्ट्यांत भेद नाही. प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे वळणदार पट्टी अखंड लाकडासारखी धाग्यांच्या रेषेवर चटकन तुटत नाही. १८ मिमीची म्हणून आलेली शीट मोजल्यावर अनेकदा थोडी पातळ भरते, आणि खाचा त्या मापाने न कापल्यास सांधा डुगडुगतो. शिवाय ६ मिमीचा बिट (राउटरचे फिरते पाते) आतला कोपरा ३ मिमी त्रिज्येनेच गोल कापतो. चौकोनी टोक त्यात पूर्ण बसावे यासाठी कोपऱ्यात थोडे जादा भोक कापतात.

खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, अशा फर्निचरच्या उघड्या कडांतून ओल शिरते. लाकडाचा भुगा दाबून केलेला एमडीएफ बोर्ड फुगतो, त्यामुळे उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या गोंदाचा प्लाय बरा. कडा आणि खाचांच्या आतल्या बाजू जोडणीपूर्वीच सीलरने बंद कराव्या लागतात, कारण पट्ट्या एकदा बसल्या की तिथे ब्रश पोहोचत नाही.