जेटिंग नोझल
जेटिंग नोझल : तुंबलेले सांडपाण्याचे नळ पाण्याच्या दाबाने मोकळे करणाऱ्या जेटिंग यंत्राच्या होजपाइपाला टोकाशी बसवायचा छिद्रे असलेला धातूचा तुकडा. पंपाने दिलेल्या दाबाचे वेगात रूपांतर येथे होते. बहुतेक छिद्रे मागे तोंड करून असतात. मागे सुटणाऱ्या झोतांच्या प्रतिक्रियेने होज नळात पुढे ओढला जातो आणि तो परत घेताना तेच झोत सुटलेला गाळ चेंबरकडे लोटतात.

या साधनाची कुळी कधीकधी कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींत १८५३ च्या सुमारास रूढ झालेल्या जलझोत-खोदाईशी जुळवली जाते. हे साम्य वरवरचेच म्हणावे लागेल. खाणीतील झोत समोरच्या दरडीवर मारला जाई. येथे झोत मागे जातो आणि साधन पुढे सरकते. त्या दृष्टीने अठराव्या शतकाच्या मध्यास शास्त्रज्ञ योहान झेगनर यांनी मांडलेले प्रतिक्रिया-चक्र, म्हणजे बाहेर सुटणाऱ्या पाण्याच्या प्रतिक्रियेने उलट दिशेला फिरणारे चाक, अधिक जवळचे. फिरत्या नोझलांत तर तेच तत्त्व वापरलेले असते.

निवड करताना सहसा अडथळ्याकडे आधी पाहिले जाते, पण आधी पाहायला हवा तो पंप. जेटिंगचा पंप बहुधा दट्ट्याचा असतो. समोर दाब कितीही असो, मिनिटाला तो जवळपास तेवढेच पाणी लोटतो. त्यामुळे दाब किती चढेल, हे छिद्रांच्या एकूण क्षेत्रफळावर ठरते. मिनिटाला ४० लिटर आणि नोझलपाशी १५० बार (बार हे दाबाचे एकक) असे गणित धरले, तर चार छिद्रे प्रत्येकी सुमारे १.२ मिमी. व्यासाची लागतात. छिद्रे याहून बारीक असली की जादा पाणी बायपास झडपेतून परत जाते. मोठी असली की दाब चढतच नाही. झिजलेल्या नोझलाचेही असेच होते. व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर दाब जवळजवळ एकतृतीयांशाने घसरतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. चालवणारा मात्र पंपाला दोष देत बसतो. नोझल उजेडात धरून पाहिला, तर छिद्राची कड गोलसर झालेली दिसते. झोतही काचेच्या कांडीसारखा सरळ न सुटता फिसकटतो. म्हणून चांगल्या नोझलांत छिद्रांपाशी सिरॅमिकच्या किंवा कठीण पोलादाच्या चकत्या बसवतात. पंपावरच्या दर्शकातला दाब नोझलपर्यंत पोहोचतो असेही नाही. लांब, बारीक होजात बराच दाब घर्षणात जातो. प्रवाह दुप्पट केल्यास हा तोटा जवळपास चौपट होतो.

झोताचा कोन किती असावा, यावर मतभेद आहेत. वरील उदाहरणात झोतांची एकूण प्रतिक्रिया सुमारे ११५ न्यूटन येते. नळाच्या अक्षाशी १५ अंशांचा कोन ठेवल्यास तिच्यापैकी सुमारे १११, ३० अंशांना १०० आणि ४५ अंशांना ८२ न्यूटन पुढे ओढण्यास उपयोगी पडतात. लहान कोनाचा नोझल लांब पल्ला गाठतो, पण भिंतीवरचा थर त्याने नीट खरवडत नाही. मोठ्या कोनाचे उलट. एकच मधला कोन सर्व कामांना चालतो, असे काही जण मानतात. लांब नळात आधी लहान कोनाने वाट काढून मग मोठ्या कोनाने भिंत धुणे हा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो.

गच्च अडथळ्याला पुढे एक छिद्र असलेला नोझल लागतो. पुढच्या झोतामुळे ओढ तेवढी कमी होते. चरबीच्या थराला फिरता नोझल, तळाशी बसलेल्या वाळूला सर्व झोत खाली रोखलेला जड नोझल, मुळ्यांना कापणी-पाते किंवा साखळीचा नोझल वापरतात. मोठ्या नळात लहान नोझल तळाशी लोळत जातो आणि वरची भिंत तशीच राहते. तेथे त्याला आधारपट्ट्या लावून मध्यावर उचलतात. नोझल व त्यामागचा ताठ तुकडा मिळून नळाच्या आतल्या व्यासाहून लांब असावा लागतो. नाहीतर नोझल आतच उलटा फिरून चेंबरपाशी उभ्या माणसाकडे येऊ शकतो.